आधी वॉक

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री उशिराचा मेसेज सकाळी वाचला. मेसेज कसला, प्रश्नांचं भेंडोळंच ते. घोडीच्या तोंडात बिट (लगामाची तोंडातली कडी) कोणतं घालू, फोटो पाठवतेय. डावीकडे वळताना कँटरची (दौडीची) लीड चुकते, म्हणजे भलताच पुढचा पाय आघाडी घेतो. क्लबातले एक सर म्हणतात, जानेवारीतल्या पुण्याच्या पहिल्या ड्रेसाज स्पर्धेला (घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून घेण्याच्या) स्वतःची घोडी नको, सरावलेला घोडा भाड्याने घे. मैत्रीण म्हणते, वरच्या वर्गात नाव दे, खाली सगळी लहान पोरं असतात, हसू होईल. आईला सेमिस्टरची काळजी, बाबांना ट्रकच्या भाड्याची. आणि या सगळ्याच्या शेवटी सहज टाकलेली एक ओळ: 'वॉक ठीक आहे, त्याचं टेन्शन नाही.'

त्या ओळीपायी हे पत्र. बाकीचं फोनवर निपटलं असतं.

वॉक ठीक नाही. दसऱ्याच्या आधी कुंपणापाशी उभं राहून मी तो बघितला आहे. तुझी घोडी चालत नाही, ट्रॉट (दुडकी चाल) कधी सुरू होतो याची वाट बघत पाय टाकते. चालताना घोड्याची मान प्रत्येक पावलाला पुढे-मागे होते, ती झाली पाहिजे. तुझे हात पोटाशी असे रोवलेले की तिच्या मानेला हलायला जागाच नव्हती. आणि तू वाकून बघत होतीस, मान वळली का, 'ऑन द बिट' आली का, म्हणजे मान कमानीत ठेवून बिट निमूट धरलं का. समोर कुठे चाललीय याचा पत्ता नाही. मी तेव्हा बोललो नाही, कारण तुझे सर तिथे होते. आता बोलतो.

थोडं शास्त्र सांगतो, कंटाळू नकोस. वॉकमध्ये घोड्याचे चार पाय चार वेगळ्या वेळी जमिनीला लागतात. डोळे मिटून ऐकलंस तर चार ठोके, सारख्या अंतराचे. ट्रॉटमध्ये पाय तिरप्या जोडीने पडतात म्हणून दोन ठोके, कँटरमध्ये तीन. ट्रॉटमध्ये आणि कँटरमध्ये चारही पाय हवेत असण्याचा एक क्षण असतो आणि त्या उसळीत स्वाराच्या पुष्कळ चुका बुडून जातात. वॉकमध्ये तो क्षण येतच नाही. आपल्याकडे पोहे कोरडे झाले की वरून तर्री ओतून खपवतात ना, तशी ट्रॉट ही तर्री आहे. वॉक म्हणजे नुसते पोहे. बशी समोर ठेवली की कळतंच.

बिघडलेल्या वॉकचे ठोके चाराचे दोन होऊ लागतात. एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय जवळजवळ बरोबरच उचलला जातो. मैदानाच्या टोकाला सी अक्षराची खूण असते, तिच्यामागच्या खुर्चीवरून परीक्षकाला हे स्पष्ट दिसतं, आणि यासाठी ते फार खालचे गुण देतात. ट्रॉट मेहनतीने सुधारतो, कँटर तर खूपच सुधारतो. वॉक घोड्याला आई-बापाकडून मिळतो आणि स्वारामुळे जातो. गेलेला परत आणायला जो वेळ लागतो तो तुझ्याकडे जानेवारीपर्यंत नाही. सुदैवाने तुझ्या घोडीचा अजून गेलेला नाही, दबलेला आहे. मोकळ्या दोरीवर मोतद्दार तिला पाण्याला नेतो तेव्हा कधी बघितलंयस का? मी बघितलंय. काय सुंदर चालते.

उद्या सकाळी एक काम कर. मैदानाची एक पट्टी फळी फिरवून सपाट करून घे. त्यावरून घोडी सैल लगामावर सरळ चालव आणि मग उतरून ठसे बघ. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापुढे किती पडतो? वीतभर पुढे पडत असेल तर छान. ठशातच पडत असेल तर ती आखडून चालतेय. मग तीच पट्टी पुन्हा सपाट कर आणि तू नेहमी धरतेस तसा लगाम धरून चालव. दोन्ही ठसे शेजारी शेजारी बघितलेस की माझ्यावर चिडायचं थांबशील. हे दर आठवड्याला कर. वहीत लिही. बिटच्या फोटोंपेक्षा या ठशांचे फोटो पाठवलेस तर मला आनंद होईल.

आता गुणांचं बोलू, कारण तुमच्या पिढीला गुणांशिवाय पटत नाही (आम्हालाही पटत नव्हतं, पण आम्ही कबूल करत नव्हतो). ड्रेसाजमध्ये प्रत्येक हालचालीला 0 ते 10 गुण, अर्धे गुणही देता येतात. हालचाल केलीच नाही तर 0, 5 म्हणजे जेमतेम, 6 म्हणजे समाधानकारक, 8 म्हणजे चांगली. पहिल्या पायरीच्या बहुतेक टेस्टमध्ये (हालचालींच्या ठरलेल्या क्रमात) फ्री वॉकला, म्हणजे सैल लगामावर मान लांब सोडून चालण्याला, गुणक 2 असतो. तुझ्या वर्गाचा कागद उघड आणि बघ, गुणकाचा रकाना तू वाचलेलाच नसणार. 5 च्या जागी 7 मिळाले तर दुप्पट होऊन चार गुण वाढले. तेच चार गुण ट्रॉटमधून काढायचे तर दोन वेगवेगळ्या हालचाली दोन-दोन गुणांनी सुधाराव्या लागतील. त्यासाठी तू रोज तासभर ट्रॉटची वर्तुळं काढतेस आणि वॉक 'विश्रांती' म्हणून करतेस, मोबाइल बघत. होय, तेही बघितलंय.

तू हांगझोऊचं उदाहरण देतेस. बरोबर आहे, 26 सप्टेंबर 2023 ला सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीत 1982 नंतरचं भारताचं पहिलं सुवर्ण. सुदिप्ती तर इंदूरची, आपल्या शेजारची. त्या दिवशी मीही टीव्हीपुढून हललो नाही. पण लोकांनी त्यातलं काय बघितलं? कँटरमध्ये हवेतच लीड बदलणं, काळे कोट, झेंडा. त्या पातळीच्या टेस्टमध्येही एक्स्टेंडेड वॉक असतो, बाई. तिरप्या रेषेवर घोडा लांब मान करून निवांत चालतो आणि हजारो लोक गप्प असतात. वर्षानुवर्षं युरोपात राहून ती मुलं जे शिकली त्यात हेही आहे, आणि सगळ्यात आधी आहे.

तुझी घोडी रेसकोर्सवरून आलेली. हा तिचा दोष नाही, पण विसरू नकोस. तिथे तिला लगाम ताणला की जोर लाव हे शिकवलंय. तू तिला थांबवायला ओढतेस, ती टेकून पुढे पळते, तू आणखी ओढतेस. पायाच्या दाबाचा अर्थ तिला कुणी सांगितलेला नाही, जॉकीची रिकीब तर फार आखूड, वर चढवलेली असते. म्हणून तिच्याशी पहिलं संभाषण वॉकमध्येच होऊ शकतं. तिथे वेग नसल्यामुळे ती ऐकते. चालताना तिचं पोट डावीकडे-उजवीकडे झुलतं ते तुझ्या पोटऱ्यांना जाणवेल. पोट ज्या बाजूने आत जातं त्या बाजूचा तुझा पाय आपोआप आत येतो, तेवढाच पाय पुरे. प्रत्येक पावलाला टाच मारायची नाही. कंबर सैल ठेव आणि कोपर उघडू-मिटू दे. मान पुढे गेली की हात पुढे. एवढं जमलं तर 'ऑन द बिट' आपोआप तुझ्या दारात येईल. तुझ्या वर्गात कलेक्शन (घोड्याने गोळा होऊन आखूड पावलं टाकणं) मागितलेलंच नाही, मग मान कशाला वळवतेस? नाक उभ्या रेषेच्या मागे गेलेली घोडी परीक्षकाला चांगली दिसत नाही. ती फक्त फोटोत चांगली दिसते.

आता तू म्हणशील, काकांचं हे नेहमीचंच. काकांकडे शिकायला गेलं की महिनोन् महिने चालायलाच लावतात. मला माहीत आहे क्लबात काय म्हणतात ते. एका पालकाने मला तोंडावर विचारलं होतं, 'काहून हो, पोट्टं घोड्यावर बसून राहिलं की पाळण्यात?' मी हसलो. घरी येऊन मात्र हसलो नाही.

एक मुलगा होता. तुझ्यापेक्षा लहान असताना आला. असा हात मी पुन्हा बघितला नाही, जन्मजात मऊ. त्याला मी पावसाळाभर वॉकवर ठेवलं, काटोल रोडच्या बाजूच्या शेतांतून, चिखलातून, चढावर, उतारावर. दिवाळीनंतर तो दुसरीकडे गेला. तिथे त्याला लगेच कँटर करायला मिळाला, मग उड्या, मग पदकं. चांगली पदकं, खोटं बोलणार नाही. त्याची पहिली मोठी स्पर्धा होती तेव्हा त्याने मला बोलावलं होतं. मी गेलो नाही. बँकेचं कारण सांगितलं, मार्च एंडिंग वगैरे. त्याची आई अजून रस्त्यात भेटली की आदराने बोलते, तेव्हा मला बाजूच्या दुकानात काहीतरी घ्यायचं आठवतं. जायला हवं होतं, हे मनात राहतं. पण त्याला वॉकवर ठेवायला नको होतं असं मला आजही वाटत नाही. त्याच्या नंतरच्या स्पर्धांचे व्हिडिओ मी बघतो. ट्रॉट, कँटर, सगळं झकास. फ्री वॉकच्या ओळीत घोडा जॉग करतो, चालायचं सोडून दुडकतो, दर वेळी. दर वेळी तिथे त्याचे गुण जातात आणि तो तिसरा येतो. कुणी त्याला सांगत नसेल का? मी सांगणार नाही. मला आता कोण विचारतं?

असो. तुला सांगतोय.

इतिहासाचं वेड असलेल्या माणसाला एक गोष्ट सांगू दे, मग तुझ्या प्रश्नांकडे येतो. 1742 साली नागपूरकर भोसल्यांचा भास्करराम कोल्हटकर घोडदळ घेऊन बंगालात कटव्यापर्यंत गेला. त्यांनी तिथे जे केलं ते अभिमानाने सांगण्यासारखं नाही, बंगाली माणसं बर्गी म्हणून अजून आठवण काढतात. पण घोड्यांचं बघ. इथून तिथपर्यंत कुणी चौखूर उधळत गेलं नसणार. ते घोडे चालत गेले. डोंगर, नद्या, जंगलं, सगळं चालत. सिनेमात आपण तलवार उपसून धावणारे घोडे बघतो आणि समजतो की मराठ्यांची घोडी धावायची. अगं, ती चालायची. दिवसेंदिवस, न थकता, पाठ न सुजवता. ज्या शहरातून असे घोडे निघाले तिथली पोर मला लिहिते, वॉकचं टेन्शन नाही.

बरं, प्रश्न.

वर्ग सगळ्यात खालचा. लहान पोरांबरोबर उतरायला लाज वाटत असेल तर लाजत उतर. घोडी स्वतःची. भाड्याचा सरावलेला घोडा तुला फिरवून आणील आणि तू काय शिकलीस हे कुणालाच कळणार नाही, तुलासुद्धा. त्या सरांना माझा नमस्कार सांग आणि सांग की काका ऐकत नाहीत.

बिट: साधा स्नॅफल (तरफ नसलेलं साधं बिट), तोंडाच्या मापाचा. फोटोतलं बाकी सगळं विसर. त्याआधी घोडीचे दात कधी दाखवलेस? बिटचे निम्मे प्रश्न दातांचे असतात. दाढांच्या कडा धारदार झाल्या की गालाला आतून जखमा होतात, मग ती डोकं फेकते आणि आपण बिट बदलत बसतो. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, इतर शहरांतल्या लोकांना एवढं जवळ मिळत नाही. या आठवड्यात दाखव, कारण दात घासल्यावर काही दिवस तोंड हळवं राहतं.

डावी लीड: सरळ रेषेवर मागत बसू नकोस. कोपऱ्यातून बाहेर पडता पडता, ती आधीच डावीकडे किंचित वळलेली असताना मागायची. चुकली तर रागावू नकोस, ट्रॉटला ये, वॉकला ये, दहा पावलं नीट चालव आणि पुन्हा. ती घाईने कँटरमध्ये कोसळते म्हणून लीड चुकते, आणि घाई कुठून येते? मी पुन्हा लिहीत नाही, तुला कळलं.

टेस्ट पाठ होत नाही म्हणतेस. घोडीवर बसून टेस्ट पाठ करायची नसते. अख्खी टेस्ट रोज तिच्याकडून करून घेतलीस तर आठवड्यात तिला तुझ्या आधी कळेल पुढे काय आहे, आणि ती सीजवळ आली की न सांगता कँटर उचलेल. टेस्ट तू पाठ कर, तिला तुकडे दे, तेही उलटसुलट. गच्चीवर खडूने चौकट आख, 20 बाय 40 मीटरची लहान प्रतिकृती. एका आखूड बाजूच्या मध्यावर ए, समोर सी. ए कडून आत येताना डावीकडे के, मग ई, मग एच. उजवीकडे एफ, मग बी, मग एम. मधोमध एक्स. आणि स्वतःच्या पायांनी चाल. ट्रॉटच्या जागी ट्रॉट कर, हो, गच्चीवर, शेजाऱ्यांनी बघितलं तर बघू दे. फ्री वॉकच्या रेषेवर हात पुढे सोडून खरोखर निवांत चाल. तुझ्या शरीराला ती रेषा विश्रांतीची आहे हे कळलं पाहिजे, तर घोडीला कळेल.

वर्तुळाचं एक सांगतो, कारण यात सगळे नवखे गुण घालवतात. ए अक्षरापाशी काढलेलं 20 मीटरचं वर्तुळ कोपऱ्यात जात नाही. ते लांब बाजूला कोपऱ्यापासून 10 मीटरवर टेकतं. के आणि एफ कोपऱ्यापासून 6 मीटरवर आहेत, म्हणजे अक्षराच्या 4 मीटर पुढे. आणि दुसऱ्या टोकाला बरोबर एक्सवरून जातं. चार टेकण्याच्या जागा, प्रत्येक ठिकाणी एकच पाऊल टेकायचं आणि सोडायचं. तुझं वर्तुळ सध्या वांगं आहे. ते चार ठिकाणी पिठाची चिमूट टाक आणि हे वर्तुळ आधी वॉकमध्ये काढ. हसू नकोस. वॉकमध्ये गोल येत नाही त्याचं ट्रॉटमध्ये कुठून येणार?

आणि आता ती जागा, जिथे फ्री वॉकचे मिळालेले गुण लोक पुढच्या ओळीत परत देतात. लगाम पुन्हा उचलण्याची. घोडी छान मान लांबवून चालतेय, रेषा संपत आली, स्वार घाबरतो, दोन्ही हातांनी लगाम गोळा करतो, आणि रेसवरच्या घोडीला लगाम गोळा होण्याचा एकच अर्थ माहीत असतो. पुढची तीन पावलं जॉग, कान मागे, सगळं मुसळ केरात. म्हणून सराव हाच: लगाम सोड, उचल, सोड, उचल. उचलताना बोटाबोटाने, एकेका हाताने, पाय पोटाला लागलेलाच, कंबर तशीच झुलती. उचलल्यावर दर वेळी ट्रॉट येत नाही हे तिला कळलं पाहिजे. बहुतेक वेळा काहीच येऊ देऊ नकोस. उचल, चार पावलं चाल, पुन्हा सोड. मोतद्दाराला बाजूने बादली वाजवत जायला सांग, तरीही हेच. तुझ्याकडे जो वेळ आहे त्यातला अर्धा यावर घालव आणि मला शिव्या दे.

मैदानाबाहेर ने तिला. दिवाळीपर्यंत काळी माती ओली आहे, खुराला चिकटते, नाल ओढते, तेव्हा मुरमाच्या रस्त्यावरून. माती वाळली की भेगा बघून, त्यात खूर अडकला तर पाय जातो. चढ-उतारावर सैल लगामाने चालल्यावर पाठ आपोआप उचलली जाते. ऑक्टोबरचं ऊन अजून लागतंय, ऊन तापायच्या आत परत ये. डिसेंबरात उलट होईल, थंडीने सकाळी घोडी ताठ आणि चढलेली निघेल आणि तुला वाटेल आधी पळवून तिचा जोर काढावा. नाही. आधी वॉक, दहा मिनिटं तरी, मग बाकी.

कागदपत्रं आजच सुरू कर. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीशिवाय घोडा स्पर्धेच्या आवारात घेत नाहीत, आणि घेऊ नयेच, तो रोग माणसालाही होतो. देशातली मुख्य प्रयोगशाळा हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे. रक्त इथे काढलं तरी अहवाल यायला वेळ जातो. आयोजकांना किती दिवसांच्या आतला अहवाल चालतो ते विचारूनच तारीख ठरव. लवकर केलास तर शिळा होतो, उशीर केलास तर येत नाही.

ट्रकचं बाबांशी मी बोलतो. पुणं म्हणजे सातशे किलोमीटरच्या आसपास, एका दमात न्यायचं नाही. घोडीला मान खाली घालता येईल एवढी दोरी सैल ठेव. डोकं उंच बांधून लांबचा प्रवास केला की नाकाघशातला मळ खाली उतरत नाही आणि छातीत रोग धरतो, असे घोडे मी गमावलेले बघितले आहेत. दर काही तासांनी थांबून पाणी. अनोळखी पाणी त्या नाकारतात, म्हणून जायच्या काही दिवस आधीपासून पाण्यात थोडा गूळ घाल आणि तिथेही तोच. चारा इथलाच ने, लसूणघास असो की हरळी, एकदम बदलला की पोटशूळ. पोचल्यावर खोगीर घालायचं नाही. हाताने धरून चालव, सगळं मैदान, झेंडे, मांडव, लाउडस्पीकर दाखव. किती वेळ? ती मान खाली करून उसासा टाकेपर्यंत.

कपड्यांचं, आयाळीच्या वेण्यांचं तुझी मैत्रीण माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. हेल्मेट मात्र नीट बसणारं. घोडीशी आत बोलायचं नाही, जीभ वाजवायची नाही, त्याचे गुण कापतात, आणि तुला सवय आहे. आजपासून मोड. घंटा झाल्यावर आत यायला साधारण 45 सेकंद असतात, ते कमी नाहीत. ती वेळ बाहेर ट्रॉट करत घालवू नकोस, सगळे तेच करतात. तू चाल.

आईला सांग, जानेवारीत एक शनिवार-रविवार जाईल, अभ्यास कुठे जात नाही. खरं तर हे मी सांगायला नको. माझी बँकेने बदली केली तेव्हा माझा घोडा मी अर्ध्या किमतीत दिला, नोकरी आधी म्हणून. नोकरी झाली, पेन्शन सुरू आहे, सगळं व्यवस्थित आहे. आईला हे शेवटचं सांगू नकोस.

रविवारी साडेसहाला घोडी घेऊन काटोल रोडच्या शेताकडे ये. मी सायकलने येतो. खोगीर घालून आण, ट्रॉट करायचा नाही हे आत्ताच सांगून ठेवतो, आणि तुझ्या सरांना यायचं असेल तर त्यांनाही घेऊन ये.

तुझा,
काका